गोळी घेतली का?

आम्हा दोघांना ब्लडप्रेशर आहे हे एकाच दिवशी कळलं, पाच मिनिटांच्या फरकानं.

माझा नवरा सोलापुरातल्या एका हायस्कूलमध्ये पीटीचा शिक्षक होता. शाळेत, गल्लीत, भाजीमंडईत सगळे त्यांना सर म्हणायचे. मी घरात 'अहो' म्हणायचे, पण लिहिताना मलाही सर म्हणणंच सोपं जातंय. मी दुसऱ्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. त्या दिवशी दुपारी आम्हाला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून मी साडी नेसून, तयार होऊन सरांच्या शाळेत जाऊन थांबले होते. तिथं शिक्षकांसाठी तपासणीचं शिबिर चाललं होतं. रांग संपली होती. नर्स म्हणाली, "मॅडम, रिकाम्याच बसलाय, तुमचं पण बघू की."

तिनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, परत फुगवला. कागदावर आकडा लिहून त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. "डॉक्टरांना दाखवा हं मॅडम. हसण्यावारी नेऊ नका."

मग सर बसले. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. दंड इतके भरलेले की पट्टा जेमतेम पुरला. नर्सनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. "सर, तुमचं तर मॅडमच्यापेक्षा जास्त आहे."

स्टाफरूममध्ये एकच हशा उठला. "सरांना बीपी? अहो, मशीन बिघडलंय तुमचं!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांत मोठ्यानं सर हसले. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. पहाटे पाचला उठून मैदानाला दहा फेऱ्या मारणारे, दोनशे सूर्यनमस्कार घालणारे. त्यांना काही होऊ शकतं यावर माझाही विश्वास बसला नाही. पण माझी आई बार्शीत माजघरात भाकरी थापता थापता कलंडली होती आणि पुढची चार वर्षं अंथरुणातून उठली नव्हती. तिचं बीपी कुणी कधी तपासलंच नव्हतं. त्यामुळे मी तो कागद पर्समध्ये नीट घडी घालून ठेवला. सरांनी त्यांचा कागद लग्नाला जाताना स्कूटरवरून सोडून दिला.

दुसऱ्या आठवड्यात मी हट्टानं त्यांना सात रस्ता चौकातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी दोघांनाही गोळ्या लिहून दिल्या. "रोज सकाळी, न चुकता. कायमच्या."

"कायमच्या म्हणजे किती महिने?" सरांनी विचारलं.

"जेवण किती महिने करणार आहात?" डॉक्टर म्हणाले.

तो 'कायम' शब्द सरांना लागला. जन्मभर पोरांना शिकवलेलं, की मन घट्ट असलं की शरीर ऐकतं. आता रोज सकाळी एक बारीकशी पांढरी गोळी त्यांना सांगणार होती की ऐकत नाही.

त्यांनी वीस दिवस गोळी घेतली. एकविसाव्या दिवशी गल्लीतल्या एका दवाखान्यात स्वतःच जाऊन बीपी बघून आले. अगदी व्यवस्थित निघालं. "बघ," म्हणाले, "बरा झालो." आणि बंद केली. गोळी चालू आहे म्हणून बीपी व्यवस्थित आहे, हे मी त्यांना किती तऱ्हांनी सांगितलं! चष्मा घातला की दिसतं, म्हणून काय डोळा बरा झाला का, असंही म्हणून पाहिलं. ते हसून म्हणाले, "तू क्लार्क आहेस की डॉक्टर?"

खरं कारण वेगळं होतं, ते मला फार उशिरा कळलं. त्यांच्या दोन गोळ्यांतली एक लघवीची होती. मैदानावर साठ पोरं कवायतीला उभी करायची आणि दर अर्ध्या तासानं आपण मुतारीकडे पळायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. एवढंच डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी गोळी बदलून दिली असती. पण सांगायचं म्हणजे मला त्रास होतो असं म्हणायचं. ते शब्द त्यांच्या तोंडात कधी आलेच नाहीत.

मग उपाय सुरू झाले. उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या. तांब्याच्या भांड्यातलं पाणी. शेवग्याच्या पाल्याचा रस, जो मी रोज सकाळी वाटून, गाळून द्यायचा. मनगटात कुणीतरी दिलेलं कसल्याशा धातूचं कडं. मोबाइलवर येणारं एकेक वाचून दाखवायचे: या गोळ्यांनी किडनी जाते, कंपन्यांचा धंदा आहे हा. आणि हे सगळं करून दुपारच्या जेवणात कडक भाकरीवर तेल ओतून शेंगाचटणी, वर लोणचं, वर कच्चं मीठ. मीठ कमी घातलं की ताट सरकवायचे. "पेशंटचं जेवण पेशंटला वाढ."

पेशंट म्हणजे मी. मी गोळी चालूच ठेवली होती. सकाळी डबे भरताना मी पाण्याचा पेला हातात घेतला की ते दारातून म्हणायचे, "आल्या बघा औषधवाल्या बाई." पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर, एकदा आमच्या मुलीच्या सासरच्यांसमोरसुद्धा. त्यात वाईट हेतू नव्हता असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. शेवटी मी गोळ्यांची पाकिटं शाळेत ऑफिसच्या कपाटात, हजेरीपत्रकांच्या मागं ठेवायला लागले. अकरा वाजता प्रार्थना संपली की घ्यायची. सुटीच्या दिवशी पदराला बांधून न्हाणीघरात न्यायची आणि नळाच्या पाण्यानं गिळायची. चोरून दारू पिणारी माणसं असतात. मी चोरून औषध घेत होते.

मध्ये एकदा त्यांना चक्कर आली. मैदानावरच. उन्हामुळे असं त्यांनी शाळेत सांगितलं, पण घाबरले होते. मी परत सात रस्त्याला नेलं. डॉक्टरांनी आकडा बघून चष्मा काढला आणि बराच वेळ सरांकडे नुसतं बघत बसले. त्यानंतर सर मुकाट्यानं गोळी घ्यायला लागले. मी रोज चहाच्या बशीत गोळ्या ठेवायची, ऑफिसला निघताना विचारायची, "गोळी घेतली का?" ते म्हणायचे, "घेतली." बशी रिकामी असायची. असं दीड वर्ष चाललं. ते दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं फार सुखाचं गेलं, हे मी लिहून ठेवते, कारण पुढं जे सापडलं त्यानं ते सुखही माझ्याकडून काढून घेतलं.

सर रिटायर झाले त्या वर्षी स्कूटर विकायला काढली. गिऱ्हाईक येणार म्हणून मी डिकी साफ करत होते. फडक्याखाली बिस्किटाचा एक चपटा पत्र्याचा डबा होता. हलवला तर खुळखुळला. उघडला. आत गोळ्या होत्या. बशीतल्या. काही उन्हानं पिवळ्या पडलेल्या, काही विरघळून एकमेकींना चिकटलेल्या, खालचा थर तर नुसता पिठासारखा.

मी डबा घेऊन घरात गेले आणि पेपर वाचत बसलेल्या सरांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "टाकवंना. विकतची वस्तू, टाकायची कशी?"

मोहोळ तालुक्यातल्या एका कोरडवाहू घरात वाढलेला माणूस. ताटात शीत टाकू नये असं शिकलेला. गोळी गिळवत नव्हती आणि फेकवतही नव्हती.

"मग मला का सांगत होता, घेतली म्हणून?"

"तुझ्या समाधानासाठी."

"माझ्या समाधानानं तुमचं बीपी उतरणार होतं का?"

चिडले की त्यांची भाषा गावाकडं धावायची. "मला काय झालंय? आँ? कुटं दुखतंय का? ताप हाय का? धडधाकट माणसाला उगं रोगी करून ठेवलंय. न्हाय घेणार, जा!"

मी तो डबा उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकला. त्यानंतर बशीत गोळी ठेवणं मी बंद केलं नाही, पण 'घेतली' या शब्दावर विश्वास ठेवणं बंद झालं. मी उभी राहून बघायला लागले. ते समोर गिळायचे, कधी जिभेखाली धरून बाहेर जाऊन थुंकायचे. आठवड्यातून तीनदा घेतली तर चारदा नाही. साठीला आलेली दोन माणसं एका तिळाएवढ्या गोळीवरून रोज सकाळी लहान पोरांसारखी भांडत होती.

मग दिवाळीनंतर गावाकडं थोरल्या दिरांची वास्तुशांत झाली. दिरांनी जुनं पाडून स्लॅबचं घर बांधलं होतं. अख्खं गाव जेवायला. अंगणात मांडवाखाली पंगत बसली होती आणि सर पंगतीत बसलेले. सकाळी निघायच्या गडबडीत गोळी राहिली होती. मी वाढत वाढत त्यांच्यापाशी गेले, वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "गोळी आणलीय. जेवण झालं की घ्या." पदराच्या गाठीतली गोळी आणि पाण्याचा पेला पुढं केला.

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. पंगतीकडे बघितलं. आणि मोठ्यानं म्हणाले, "बघा मंडळी, आमच्या बाईसाहेबांनी मला पेशंट ठरवलंय! पेशंट असा असतो का? सांगा, किती जोर मारू?"

कुणीतरी म्हणालं, "पन्नास!" सर ताटावरून उठले, शर्ट काढून मांडवाच्या खांबाला अडकवला आणि अंगणात सारवलेल्या जमिनीवर जोर मारायला लागले. एकसष्टावं वर्ष लागलेलं. लोक टाळ्या वाजवत मोजत होते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी हातात पेला घेऊन उभी. माझ्या दुसऱ्या हाताच्या घामानं गोळी ओली झाली होती.

पन्नास झाल्यावर थोरले दीर माझ्याजवळ आले. ते माझ्याशी फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "तुमी उगं त्याच्या मागं लागू नका. गोळ्या खाऊनशान चांगला माणूस आजारी पडतो. आमी हाय का न्हाय ठणठणीत, बिनगोळीचं?"

"व्हय की," जाऊबाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसून शीळ घालत होते. मी ठरवलं, आता एक शब्द बोलायचा नाही. आजपासून हा माणूस आणि त्याचं शरीर. मी त्याची आई नाही.

मी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी बशीत गोळ्या ठेवल्या नाहीत. राहिलेली पाकिटं स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागं टाकली. महिना गेला, दोन गेले, तीन गेले. घरात शांतता आली. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सकाळचा चहा गरम पिता यायला लागला.

चौथा महिना संपत आला होता. मार्चचा शेवट, सोलापूरचं ऊन तापायला लागलेलं. एका सकाळी मी कणीक मळत होते. सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कपाळ दाबत होते. "डोकं ठणकतंय दोन दिवस झाले," म्हणाले. मी कणकेत पाणी घातलं. ते थोडा वेळ उभेच राहिले. मग, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, जरा चाचरत म्हणाले, "ती गोळी... हल्ली ठेवत नाहीस ती?"

पापडाचा डबा माझ्या हाताच्या अंतरावर होता. कणकेचे हात धुवायचे आणि वर करायचे, एवढंच काम.

मी म्हणाले, "तुम्हाला कुठं लागतात गोळ्या? पन्नास जोर मारता तुम्ही."

ते हसले. दुखावून नाही, अगदी साधं हसले, हरलेला गडी हसतो तसं. "बरोबर आहे," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी कणीक मळत राहिले. परत मागतील, मग देऊ, असं मनात होतं. थोडं मागू दे. दहा वर्षं मी मागं लागले, त्यांनी दहा दिवस तरी माझ्या मागं लागावं. त्यांनी परत मागितली नाही.

अठरा दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, बाहेर जायला म्हणून ते शर्ट घालत होते. मी आतून ऐकलं की काहीतरी पडलं. जाऊन बघते तो सर पलंगाच्या कडेला टेकून बसलेले, शर्टाचं एक बटण लावलेलं आणि उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते माझ्याशी बोलत होते. भरभर, तावातावानं, पण त्यात एकही शब्द नव्हता.

शेजारच्या तेलुगू अक्का माझी किंकाळी ऐकून धावत आल्या. त्यांच्या मुलाची रिक्षा दारात होती. आम्ही तिघांनी सरांना उचलून रिक्षात घातलं. ते दंड, ती छाती, किती जड! हॉस्पिटलला पोचेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते आणि मी रस्त्याकडे बघत होते.

तिथला तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता. "बीपी होतं का?"

"होतं."

"औषध चालू होतं?"

"होतं," मी म्हणाले.

त्यानं लिहिलं. मग विचारलं, "कोणतं?" मी तोंड उघडलं, तर माझ्याच गोळीचं नाव तोंडात आलं. ते अर्धवट गिळून मी म्हणाले, "घरात होतं. पोटात नव्हतं."

डॉक्टरनं पेन थांबवलं. "कधीपासून बंद?"

याचं उत्तर काय द्यायचं होतं? जोर मारले तेव्हापासून? डिकीतला डबा भरायला लागला तेव्हापासून? की एकविसाव्या दिवसापासून? मी म्हणाले, "चालू कधी नव्हतंच." त्यानं ते लिहिलं नाही. 'अनियमित' असं लिहिलं.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. सतरा दिवस हॉस्पिटलात काढले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वाचले.

लोक भेटायला यायचे. सफरचंदं घेऊन यायचे, कॉटकडे बघायचे, मग मला बाहेर बोलवायचे. "बीपी होतं ना सरांना? गोळ्या घेत नव्हते? मॅडम, तुम्ही लक्ष द्यायला पाहिजे होतं." सरांचे सहकारी म्हणाले, ज्यांनी स्टाफरूममध्ये मशीन बिघडलं म्हणून हसून घेतलं होतं. मुलगी पुण्याहून आली, ती रडत म्हणाली, "आई, तू शिकलेली. तुला कळत होतं." एकानंही असं म्हटलं नाही, की सरांनी घ्यायला पाहिजे होत्या. साठ वर्षांच्या माणसाच्या तोंडात गोळी जाणं हे बायकोचं काम आणि न जाणं हा बायकोचा गुन्हा. मला त्यांचा राग यायचा, पण भांडायला तोंड नव्हतं. कारण त्यांना माहीत नसलेली ती कणकेची सकाळ मला माहीत होती. ते चुकीचं बोलत होते, आणि मी मात्र चुकले होते.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी थोरले दीर आले. खुर्चीत बसले, भावाचा मेलेला हात हातात घेतला आणि रडले. खरंच रडले. मग डोळे पुसून मला म्हणाले, "तुमी गोळ्या द्यायला पायजे हुत्या की वो. येवढं बी झालं न्हाय?"

माझ्या आत काहीतरी तुटलं. मी म्हणाले, "जोर मारायला लावा की त्यांना. मोजा तुम्ही. पन्नास."

दीर उठून गेले. मी वळून बघितलं तर सर माझ्याकडे बघत होते. बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. डॉक्टरांनी ते सांगितलंही होतं. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत ओघळलं. ते मी दिरांना बोलले होते. लागलं भलत्याच माणसाला. की त्यालाच लागावं म्हणून बोलले होते? मी अजून ठरवू शकलेले नाही. दीर त्यानंतर आमच्या घरी आलेले नाहीत.

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी मुदतीआधी नोकरी सोडली. सरांना सकाळी तीन गोळ्या, रात्री दोन. चमच्यात केळ्याचा तुकडा, त्यात गोळी. ते तोंड उघडतात, गिळतात, जीभ बाहेर काढून दाखवतात. मी कधीच दाखवा म्हटलं नव्हतं, ते त्यांनी आपणहून सुरू केलं. एकही दिवस चुकलेली नाही. बीपी अगदी उत्तम असतं. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट म्हणतो, "इतका शिस्तीचा पेशंट मी बघितला नाही." मी त्याला चहा करून देते.

जुने विद्यार्थी येतात. कुणी पोलिसात आहे, कुणी जिमचा मालक आहे. सरांच्या पायाला हात लावतात. सरांना एकच शब्द येतो, 'बारा'. का ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पाणी हवं, बारा. संडासला जायचंय, बारा. राग आला, बारा. विद्यार्थी आशीर्वाद मागतात, सर डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून म्हणतात, "बारा, बारा." पोरं डोळे पुसत जातात. जाताना मला म्हणतात, "मॅडम, किती करता तुम्ही सरांचं!"

मुलीचा रोज सकाळी फोन येतो. पहिला प्रश्न, "पप्पांना गोळी दिलीस?" मी म्हणते, दिली. मागच्या महिन्यात एकदा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मलाही बीपी आहे गं. कधी विचारशील का?" ती म्हणाली, "अगं आई, तू तर घेतेसच." खरं आहे. मी घेतेच. हॉस्पिटलातले ते सतरा दिवस सोडले तर कधी चुकवली नाही. त्या सतरा दिवसांत नऊ दिवस मी माझ्या गोळ्या विसरले होते, हेही कुणाला माहीत नाही. हल्ली माझा आकडा गोळी घेऊनही चढलेला असतो. सात रस्त्याच्या डॉक्टरांनी डोस वाढवला आणि म्हणाले, "मनात काही ठेवत जाऊ नका."

ते त्यांनी सहज म्हटलं असेल. पण मी त्यावर आठवडाभर विचार केला. ती सकाळ मी कुणालाच सांगितली नव्हती. एका गोळीनं काही झालं नसतं, हे मला कळतं. अठरा दिवस घेतल्या असत्या तर काय झालं असतं, हे मात्र कुणालाच कळणार नाही.

परवा दुपारी, जेवणं झाल्यावर, मी सरांच्या पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसले. ते जागेच होते. मी म्हणाले, "अहो, ऐका. त्या दिवशी तुमचं डोकं दुखत होतं. तुम्ही गोळी मागायला आला होता. आठवतंय?"

ते बघत राहिले.

"गोळ्या घरातच होत्या. पापडाच्या डब्यामागं. मी दिल्या नाहीत. मुद्दाम दिल्या नाहीत."

त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का ते मी बघत होते. अर्धा चेहरा तर आता काहीच सांगत नाही. उरलेल्या अर्ध्यावर काय होतं ते मला वाचता येईना. त्यांनी डावा हात उचलला. मला वाटलं, आता डोक्यावर ठेवतील, नाहीतर थोबाडीत देतील. दोन्हीला मी तयार होते. तो हात माझ्या खांद्यावरून वर गेला आणि त्यांनी छताकडे बोट दाखवलं.

मी वर बघितलं. लाइट गेली होती. पंखा थांबला होता, आणि त्यांच्या मानेवर घाम साचला होता.

मी उठून कॅलेंडरचा जुना पुठ्ठा आणला आणि लाइट येईपर्यंत त्यांना वारा घालत बसले.